वाकमानीला बाप नको

तीनशे बारा कोंब उगवले आणि तीनशे बाराच्या तीनशे बारा हिरवे! मी ट्रे उचलून खिडकीपाशी नेला, चष्मा पदराने पुसला, पुन्हा पाहिलं. हिरवेच. एखाद्याने तरी लाज राखायची की नाही? कपाळावर हात मारून घेतला, तर हाताची ओली माती कपाळाला लागली, आणि दिवसभर केंद्रातल्या एकाही माणसाने मला ते सांगितलं नाही.

निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना असले प्रकार झेपत नाहीत. मी गिरिजा कोरे. भीमेकाठच्या एका संशोधन केंद्रात ज्वारीची पैदासकार. म्हणजे एकतीस वर्षं ज्वारीची लग्नं लावते आहे. या खेपेची नवरी होती वाकमानी. ही आमच्या काळ्या रानातली जुनी ज्वारी, कणसाची मान वाकडी म्हणून वाकमानी. भाकरी गोड, कडबाही गोड, पण खडखड्या रोग आला की ताटं आतून पोकळ होतात, वाऱ्यावर खडखड वाजतात आणि भर सुगीत आडवी पडतात. तो रोग न मानणारा एक आफ्रिकेतला नवरा मी शोधून आणला होता. त्याची खूण म्हणजे त्याचा कोंब जांभळा येतो. आईबापांपैकी एक जरी जांभळ्या कोंबाचा असला तरी पोर जांभळंच निघतं. म्हणजे हिरवा कोंब दिसला की समजायचं, बाप लग्नाला आलाच नाही.

आता ज्वारीची पंचाईत अशी, की तिच्या एकाच फुलात आईही असते आणि बापही. फूल तिळाएवढं. दुपारी मांडवात बसून चिमट्याने त्या तिळातून तीन परागकोश, न फुटता, अलगद ओढून काढायचे. कणसावरची पन्नासेक फुलं अशी साफ करायची, बाकीची कापून टाकायची, वर कागदी पिशवी बांधायची आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या बापाचा पराग आणून शिंपडायचा. एक परागकोश जरी आत राहिला तरी फूल स्वतःचं स्वतःशी जुळवून मोकळं होतं, आणि पोर निघतं थेट आईच्या वळणावर. म्हणून आमच्या धंद्यात एकच नियम आहे. रोप आईवर गेलं की हात चुकला.

आणि हात होता सुंद्राबाई लवटेचा. तेवीस वर्षं रोजंदारीवर हेच काम करणारी बाई. नव्या पैदासकारांना मी तिच्या शेजारी बसवून शिकवायची, म्हणून तर संताप जास्त.

"सुंद्राबाई, हे काय आहे?" मी ट्रे तिच्यापुढे आपटला. "तीनशे बारा! एकही जांभळा नाही. लक्ष कुठे होतं तुमचं?"

तिने ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माझा हात न्हाई चुकला, बाई."

"मग काय ज्वारी चुकली?"

"ते मला ठावं न्हाई. पर मला आदीच शंका आलीवती. म्हून एका कणसावर मी परागच टाकला न्हाई. नुसती फुलं साफ केली आन् पिशवी बांदली. तरी त्येच्यात दाणा भरला. बगा तुमी."

"अहो, म्हणजे आत परागकोश राहिलेच होते ना! स्वतःच्याच तोंडाने सांगताय!"

"न्हाई ऱ्हायलं," ती म्हणाली आणि चिमटा पुसायला लागली. या बाईचं असं कामाला लागणं मला नेहमीच जास्त झोंबतं.

संचालक दहिफळे सरांना कुठूनशी बातमी लागली. त्यांनी लेखी मागितलं. त्या वर्षी रोजंदारीवरच्या बायकांना कायम करण्याची यादी वर जायची होती, आणि यादीत पहिलं नाव सुंद्राबाईचं होतं. मी रागाच्या भरात चार ओळी लिहून दिल्या: संकराच्या कामात निष्काळजीपणा, सबब या कामातून कमी करावे. सही ठोकली. दुसऱ्या दिवसापासून सुंद्राबाई खुरपणीला आणि यादीतून नाव बाहेर. वाईट वाटलं का? वाटलं. पण माझं काम बुडालं होतं आणि मी तेव्हा फक्त तेवढंच बघत होते.

तिच्या जागी यंत्र आलं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, आम्ही त्याला चिमट्या म्हणायचो. दोन बारीक पोलादी बोटं, वर सहा कॅमेरे. एकेक फूल साफ करताना त्याचं चित्रण करून ठेवायचा. चारशे फुलं साफ केली, चारशे चित्रफिती. मी सगळ्या पाहिल्या, डोळ्यांचं पार पाणी झालं. एकाही फुलात काही राहिलं नव्हतं. हल्ली दिव्यांच्या खोलीत ज्वारीच्या वर्षाला पाच पिढ्या निघतात, त्यामुळे फार थांबावं लागलं नाही. कोंब आले. मी ट्रेवरचं झाकण काढलं.

हिरवे. सगळे हिरवे!

मी यंत्रवाल्या इंजिनिअरला फोन लावून अर्धा तास झोडपलं. तो बिचारा शेवटी म्हणाला, "मॅडम, तुमचा बाप तर खराब नाही ना?"

"काय म्हणालात?"

"पराग, पराग म्हणतोय मॅडम!"

मी फोन ठेवला. पण त्याचंही बरोबर होतं, तपासायला हवं होतं. तोच पराग मी दुसऱ्या एका ज्वारीवर टाकला. तिची पोरं झाडून सारी जांभळी! म्हणजे बाप धडधाकट. यंत्र धडधाकट. सुंद्राबाईने सांगितलेलं ते न शिंपडलेलं कणीस आता माझ्या डोक्यातून जाईना. उरली कोण? नवरी. एकतीस वर्षांत नवरीला कुणी तपासलं नव्हतं, कारण नवरी नाही म्हणेल असं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

वाकमानीच्या पानाचा एक तुकडा तपासणीयंत्रात घातला. चार मिनिटांत उत्तर आलं. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, दुसरं पान घातलं, तिसरं घातलं. तेच. वाकमानीच्या पोटात माझंच जनुक होतं.

माझंच म्हणजे काय ते सांगते, कारण सगळ्या तमाशाचं मूळ तिथे आहे. संकरित बियाण्याचं पीक पहिल्या वर्षी जोमदार येतं, पण त्याचंच बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर रानात सतरा तऱ्हा. कारण बी तयार होताना आईबापांची जनुकं पत्त्यांसारखी पिसली जातात आणि जमलेला डाव मोडतो. माझ्या उभ्या कारकिर्दीचा ध्यास एवढाच, की हा डाव मोडू द्यायचा नाही. आम्ही ज्वारीच्या अंडपेशीत दोन बदल केले. एक, पत्ते पिसणं बंद. अंडपेशीला आईचा अख्खा संच जसाच्या तसा मिळतो. दुसरा, अंडपेशीने परागाची वाट न बघता स्वतःच वाढीला लागायचं. झालं! बापाशिवाय बी, आणि प्रत्येक दाणा आईची हुबेहूब नक्कल. एकदा घेतलेलं संकरित बी शेतकऱ्याने जन्मभर घरचं पेरावं. वाणाचं नाव ठेवलं अक्षया. केंद्रातल्या बायका तिला बिनबापाची म्हणायच्या आणि मला ऐकू जाईल इतपत हसायच्या.

अक्षयाचे स्वतःचे पराग आम्ही नंतर वांझ केले, म्हणजे हे जनुक वाऱ्यावर उडून दुसरीकडे जाणार नाही. वीस दिवसांनी वाण प्रसारण समितीची बैठक होती. सगळे अहवाल पूर्ण होते, फक्त एका विधानाखाली माझी सही बाकी होती: सदर जनुक चाचणीच्या कुंपणाबाहेर गेलेले नाही. आणि इथे ते गावच्या ज्वारीत ठाण मांडून बसलेलं! एवढी दुहेरी जाळी, कुलपं, जाता-येता हात धुवायचे हौद, कणीस न् कणीस मोजून जाळायचे खड्डे. गेलं कुठून?

वाकमानीचं ते बी मी सुंद्राबाईच्याच गावातून आणलं होतं. खुरपणीच्या रानात गेले. ती मान वर न करता खुरपत होती.

"सुंद्राबाई, तुमच्याकडची वाकमानी कुठली? मूळ बी कुठलं?"

"आमचंच की. अकरा वरसं झाली." खुरपं थांबलं नाही. "तुमीच दिल्यालं."

"मी?"

"तुमी न्हाई तर कोण? संक्रांतीला. पयल्यांदा तुमची बिनबापाची पिकली त्या साली. लई खुशीत हुता. आमा गावच्या सात जणींना सुगडं दिली. बोरं, हरबरा, उसाचं कांडं, आन् परतेकीच्या सुगडात येक येक कणीस. तुमच्या हातानं हळद-कुंकू लावलं. आजून आठवतंय मला."

दिली होती. खरंच दिली होती! पण ती चाचणीतली कणसं नव्हती, इतकी काही मी वेडी नाही. ती होती कडेच्या ओळीतली. कुठल्याही चाचणीच्या प्लॉटभोवती साध्या ज्वारीच्या चार ओळी लावतात. कडेची ओळ कुणाच्या हिशोबात नसते. तिचा हुरडा खायचा, पाहुण्यांना द्यायचा, देशभरच्या केंद्रांत हीच रीत. त्या वर्षी कडेला वाकमानी लावली होती. झाडं साधी, त्यांच्यात जनुक नाही, मग द्यायला काय हरकत? असा साधा सरळ विचार मी केला.

अगं बयो, पण कडेची ओळ लावतात कशाला? आतून उडालेला पराग अडवायला! तेव्हा पराग अजून वांझ केलेला नव्हता. झाड साधं असेल, पण त्या झाडावरच्या दाण्यांना बाप मिळाला होता तो आतला. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते मी हे. आणि सात सुगडांत घालून, वर हळद-कुंकू लावून, मीच ते कुंपणाबाहेर पाठवलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"पण ते पेरलंत कशाला?" मी ओरडलेच. "वाणाचं कणीस होतं ते! खायचं!"

"येवढं टपोरं कणीस, तुमी वाण दिल्यालं, ते भाजून खायाचं व्हय?" तीही आता चढ्या आवाजात बोलली. "आमी समद्यांनी देव्हाऱ्याम्होरं टांगलं आन् दसऱ्याच्या म्होरं पेरलं. उंच आलं, कडबा दुप्पट. त्यातली चांगली चांगली कणसं बियाला ठिवली, जावांना दिली, शेजारणींना दिली. आता समद्या गावात तीच हाय."

यात तिचं काय चुकलं? चांगलं कणीस बघून बियाला ठेवणं म्हणजे माझंच काम, फक्त पगाराशिवाय. दरवर्षी बायकांनी सगळ्यात जोमदार ताटं निवडली, आणि जोमदार होती ती बिनबापाची. शेजारच्या रानातल्या वाकमानीलाही तिचाच पराग लागला. अकरा वर्षांत सगळं गाव मोजक्याच झाडांच्या नकलांनी भरून गेलं.

"येक सांगू का, बाई?" तिचा आवाज जरा उतरला. "पयली रानात हिंडलं की येखादं लाल दाण्याचं दिसायचं, येखादं बुटकं. आता समदी येका मापाची. आन् गेल्या साली नदीकडच्या रानात खडखड्या आला तवा निम्मं तरी उभं ऱ्हाईल म्हनलं. येक ताट उभं ऱ्हायलं न्हाई. असं कदी बगितलं नव्हतं."

कसं राहणार? एक पडलं की सगळी पडणार, कारण सगळी एकाच रक्ताची. आणि त्यांना वाचवायला मी कितीही नवरे आणले तरी त्या पोटी त्यांचं पोर येणार नाही. माझ्या हयातभराच्या संशोधनाने वाकमानी जिथल्या तिथे थिजवून टाकली होती.

दहिफळे सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दार लावलं. मग म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू."

"सर, सांगितलंय मी. आत्ताच सांगितलं."

"गावातली ज्वारी कोण तपासणार आहे? अक्षयाचा पराग वांझ आहे. जे गेलं ते जुनं. तुम्ही सही करा, वाण बाहेर पडू दे. एवढ्या शेतकऱ्यांचा फायदा आहे. तुमचं एकतीस वर्षांचं काम आहे!"

"आणि माझे संकर का फसले म्हणून विचारलं तर?"

"त्याची नोंद आहेच की. मजुराचा निष्काळजीपणा. तुमच्याच सहीची."

खरं सांगते, मी दोन दिवस सहीचा विचार केला. माझ्या नावाचा एक वाण असावा ही इच्छा काही पाप नाही. अक्षया चांगली आहे, ती बाहेर पडली तर कोरडवाहू रानांचं भलंच होईल, असं मी स्वतःला समजावत होते. पण मग सुंद्राबाई निष्काळजी ठरते, कायमची. आणि पुढच्या वर्षी खडखड्या आला की अख्ख्या गावाची ज्वारी आडवी, आणि का ते एकट्या मला माहीत. मला जेवण जाईना. माझ्यावरच मी इतकी चिडले होते की घरात कुणी माझ्याशी बोलायला धजेना.

समितीची बैठक पडद्यावर झाली. अध्यक्ष दिल्लीत, बाकीचे कुठे कुठे. दहिफळे सर माझ्या शेजारी, आणि बाहेरच्या बाकावर, मी बोलावून घेतलेली, सुंद्राबाई. मी सगळं सांगितलं. कडेची ओळ, सात सुगडं, सगळं. सुगड म्हणजे काय ते समजावण्यातच पाच मिनिटं गेली आणि मी दोनदा चिडले.

अध्यक्ष म्हणाले, "पण नोंदीत तर मजुराची चूक दाखवली आहे."

"ती नोंद मी मागे घेतली आहे. पत्र तुमच्यासमोर आहे. तिचा हात एका फुलातही चुकलेला नव्हता. चूक माझी आहे."

"याचा परिणाम तुम्हाला कळतो ना, डॉक्टर कोरे?"

"कळतो, म्हणून तर एवढी ओरडून सांगतेय!"

अक्षया मागे घेतली गेली. चौकशी लागली. सुंद्राबाईचं नाव यादीत परत आलं, ते मात्र दहिफळे सरांकडून तिथल्या तिथे लिहून घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठले नाही. बाहेर येऊन मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." एवढंच. मी आभाराची वाट बघत होते की काय कोण जाणे, तेवढ्यात ती चपला घालून निघाली.

आता खरं काम पुढे होतं. शीतकोठारात जुन्या वाकमानीची एक पुडी सापडली. सुगडं वाटली त्याच्या तीन वर्षं आधीची, दोनशे दाणे, बाप घेणारे. ते वाढवून गावाला परत देता आले असते. पण त्याआधी गावातलं सगळं बी गोळा व्हायला हवं, आणि दोन वर्षं दुसरीच, कमी पिकणारी ज्वारी पेरायला हवी. एका घरात जरी मूठभर राहिलं तरी त्याचा पराग पुन्हा सगळ्यांच्या पोटात शिरणार. समितीने पेरणीपर्यंत मुदत दिली. तोवर झालं नाही तर कृषी विभागाची माणसं गाड्या घेऊन येतील आणि न विचारता उचलून नेतील. बायका तेव्हा बी लपवतील. मीही लपवलं असतं.

सुंद्राबाईला म्हटलं, "तुम्ही सांगा ना गावात. तुमचं ऐकतील."

"मी न्हाई सांगणार."

"अहो, पण..."

"तुमी दिलं, तुमी मागा. चला."

सकाळची वेळ होती. तिच्या मागे मागे तिच्या घरापर्यंत गेले. मला वाटलं चहा वगैरे होईल. ती उंबरा ओलांडून आत गेली, वळली आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. मी अंगणात.

"हां. मागा आता."

"सुंद्राबाई, तुम्हाला तर सगळं माहीत आहे!"

"मला ठावं हाय. पर वाण कुणी माघारी मागत न्हाई, बाई. माज्या आयुष्यात मी बगितलं न्हाई. तुमीच पयल्या. मग नीट मागा."

शेजारच्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. एकतीस वर्षं मी या बायकांना हुकूम सोडत आले. हे करा, ते करू नका, लक्ष कुठे आहे. त्यांच्याकडे काही मागायची वेळ कधी आलीच नव्हती, आणि सवय नसली की तोंडातून शब्दही निघत नाही. शेवटी पदर पुढे केला.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "तुमच्यावर नको ते लिहिलं, तेही चुकलं. माझं बी मला परत द्या."

"तुमचं?" ती ताडकन म्हणाली. "अकरा वरसं पेरलं कुणी? निवडलं कुणी? राख लावून, लिंबाचा पाला घालून जपलं कुणी? आमचं हाय ते."

बरोबरच होतं तिचं.

"तुमचं बी मला द्या, सुंद्राबाई."

ती आत गेली ती येईचना. मला वाटलं, संपलं, आता विभागाच्या गाड्याच येणार. मग आतून काहीतरी घासत येण्याचा आवाज झाला. बियाण्याचा भला थोरला पत्र्याचा डबा ती एकटी दोन्ही हातांनी ओढत उंबऱ्यापर्यंत घेऊन आली होती, आणि चेहरा रडवेला होता.

"बगत काय उभ्या ऱ्हायलाय?" ती खेकसली. "धरा की येका बाजूनं. आजून अख्खं गाव ऱ्हायलंय."